छोट्या अद्भुतरम्य कादंबरीवर अभिप्राय लिहिताना

दीड-दोनशे पानांची अद्भुतरम्य कादंबरी एक-दोन बैठकींत वाचून होते, पण तिच्यावर चार परिच्छेद लिहायला बसले की हात अडतो. एक तर "छान आहे, जरूर वाचा" याच्या पुढे काही सुचत नाही, नाही तर सगळी गोष्टच सांगून होते. माझा पहिला अभिप्राय दुसऱ्या प्रकारचा होता. तो वाचून एका मित्राने मागून नेलेले पुस्तक न उघडताच परत केले, कारण त्याच्या मते आता वाचण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्यानंतर हळूहळू जी पद्धत हाताशी आली, ती अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या १९६८ सालच्या दहा प्रकरणांच्या कादंबरीच्या आधाराने सांगतो.

पहिले वाचन पेन्सिल हातात न घेता करावे. दुसऱ्या वाचनात मात्र एकच प्रश्न धरून बसावे: या जगात जादू कोणत्या नियमाने चालते आणि ती करणाऱ्याला काय मोजावे लागते? हा प्रश्न सोडून केलेले कौतुक कोणत्याही परीकथेला चिकटवता येते, आणि म्हणून ते फुकट जाते. अर्थसीमध्ये, म्हणजे या कादंबरीतल्या बेटांच्या जगात, ज्याला वस्तूचे खरे नाव ठाऊक आहे, त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगतात. मराठी वाचकाला इथे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या आठवेल. ते साम्य एका वाक्यात जरूर सांगावे, पण आपल्याकडे ते नाव लगेच चारचौघांत जाहीर होते आणि तिथे ते आयुष्यभर जपले जाते, हा फरकही त्याच वाक्यात नोंदवावा. मोह आवरला नाही, तर अभिप्राय पुस्तकाचा न राहता बारशाचा होतो.

नियम सापडला की तो दाखवणारे प्रसंग निवडावेत, आणि ते शक्यतो लहान असावेत. ड्रॅगनचा प्रसंग सगळेच निवडतात. मी त्याऐवजी सुरुवातीच्या शेळ्या घेतो: सात वर्षांचा नायक मावशीच्या तोंडून ऐकलेले शब्द अर्थ न कळता उच्चारतो, शेळ्या धावत येतात आणि मग त्याला चहूबाजूंनी दाटून घेतात, कारण त्यांना परत कसे पाठवायचे हे त्याला माहीत नसते. मुलाच्या अंगात शक्ती आहे आणि तिला आवर घालण्याचे ज्ञान नाही, हे इतक्या थोड्या जागेत कळते. दुसरा प्रसंग त्याच्या गुरूचा, म्हणजे ओजियनचा आहे. पाऊस सहज हटवू शकणारा हा जादूगार तो हटवत नाही. एका दाट झाडाखाली मुकाट्याने आडवा होतो, आणि शिष्य ठिबकणाऱ्या झुडपांत चडफडत बसतो. असे दोन प्रसंग तपशिलाने मांडले, तर नायकाने पुढे रोक बेटावरच्या विद्यालयात ईर्ष्येपोटी काय करून ठेवले आणि त्यातून कोणती सावली मोकळी सुटली, हे दोन ओळींत सांगितले तरी पुरते.

तिथेच थांबावे. कथानक साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सांगायला हरकत नाही. त्यापुढे प्रश्न सांगावा, उत्तर सांगू नये. या पुस्तकात सावलीला नाव आहे की नाही, यावर थोर जादूगारांचेही एकमत नाही, एवढे मी लिहीन आणि शेवटच्या प्रकरणाकडे फिरकणार नाही.

छोट्या कादंबरीत काय गाळले आहे, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. इथे नकाशाभर बेटे आहेत, पण कित्येकांना कथेचा पायही लागत नाही. त्यामुळे जग विस्तीर्ण वाटते की नुसते अपुरे, हे आपले आपण ठरवून कारणासह लिहावे. मला ते विस्तीर्ण वाटले, कारण नायक बराच वेळ होडीत असतो आणि समुद्रावरून किनारा जेवढा दिसावा तेवढाच आपल्यालाही दिसतो. मात्र दुसरी एक उणीव अशी माफ होत नाही. या जगात बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट मानणाऱ्या म्हणी आहेत, रोकच्या विद्यालयात एकही मुलगी नाही, आणि पहिल्या पुस्तकात लेखिका याला कुठेच प्रश्न विचारत नाही. तो तिने पुढे, याच मालिकेतल्या १९९० च्या 'टेहानू'मध्ये, विचारला. अशी तक्रार "मला खटकले" एवढ्यावर सोडू नये. पुस्तकातली जागा दाखवावी, म्हणजे न पटणाऱ्या वाचकालाही ती तपासून पाहता येते.

शेवटी पुस्तक कुणाच्या हाती द्यावे, हे स्पष्ट लिहावे. हे मोठ्या मुलांसाठी लिहिलेले आहे, पण संवाद कमी, निवेदन जुन्या आख्यानासारखे संथ, आणि लढायांची हौस नाही. बारा-तेरा वर्षांच्या ज्या मुलाला दर पानावर काहीतरी घडायला हवे असते, त्याला मी हे आणखी दोन वर्षांनी देईन.