ऑक्सफर्ड युनियनमध्ये फॅशनवाल्यांना ऐकायला जाताना

पहिलं काम सदस्यत्वाच्या कार्डाचं. ऑक्सफर्ड युनियन म्हणजे विद्यार्थी संघटना नव्हे. पाहुण्यांच्या मुलाखती आणि वादविवाद भरवणारी १८२३ सालची ही संस्था विद्यापीठापासून वेगळी आहे आणि तिचं सदस्यत्व वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं. ते नुसत्या एका फॅशन डिझायनरसाठी घेऊ नका, रक्कम बरीच असते. पण घेतलं असेल तर त्या दिवशी कार्ड खिशात आहे ना, ते खोलीतून निघतानाच बघा. नामवंत पाहुणा असला की रांग लवकर लागते, म्हणून आधी खाऊन घ्या. मोठी बॅग नको.

थोडं लवकर पोहोचता आलं तर जुन्या लायब्ररीत डोकवा. १८५७ मध्ये रोसेटी, बर्न-जोन्स, विल्यम मॉरिस या तरुण इंग्रज कलावंत मंडळींनी तिथल्या भिंतींवर आर्थर राजाच्या कथा रंगवल्या. भिंती नव्या, ओलसर, वर नुसता चुना. रंग बघता बघता विटले. यातलाच मॉरिस पुढे छापील कापडांच्या नक्षीसाठी जगभर गाजला. फॅशनवर बोलायला आलेल्या पाहुण्याला हे ठाऊक असेलच असं नाही, तुम्हाला असू द्या.

कपड्यांची फार चिंता नको. वादविवादाच्या रात्री पदाधिकारी आणि वक्ते औपचारिक पोशाखात असतात, श्रोत्यांना तसं बंधन नसतं. साडी नेसायची तर खुशाल नेसा, आत गरम काहीतरी घाला, पदर पिनेने नीट टाचा, कारण बाकांवर दाटीवाटी होते. कोल्हापुरी घालायचा मोह मात्र आवरा. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं ते कातडं तिथल्या पावसात भिजलं की कामातून गेलं.

कोल्हापुरीची जागा पाहुण्याला विचारायच्या प्रश्नात आहे, आणि खरी तयारी ती. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने अगदी तशाच चपला आणल्या, उगमाचा उल्लेख न करता. इकडे ओरड झाली तेव्हा भारतीय कारागिरीची प्रेरणा कंपनीने मान्य केली. यावर विचारायचं तर गृहपाठ पक्का हवा. चपलेची जीआय नोंद, म्हणजे वस्तूचं नाव तिच्या मूळ प्रदेशासाठी राखणारी सरकारी नोंद, २०१९ ची, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांची. ‘आमच्या कोल्हापूरची’ एवढंच म्हणालात तर शेजारचा बेळगावकर तिथल्या तिथे टोकेल. शिवाय ती नोंद राखते नाव, तेही भारताच्या हद्दीत. प्राडाने नाव कुठे वापरलं होतं? म्हणून ‘ही चोरी नाही का?’ असा प्रश्न टाळ्या मिळवतो आणि पाहुणा दोन गोड वाक्यांत सुटतो. त्याऐवजी विचारा, ‘एखादा आकार कुठून उचलला, याची नोंद तुमच्या स्टुडिओत कोण ठेवतं, आणि मूळ कारागिराला पैसे द्यायचे की नाही हे कोण ठरवतं?’ इथे गोलमाल उत्तर दिलं तरी सगळ्यांना दिसतं.

‘शाश्वत फॅशन’ या शब्दाचंही तेच. तो शब्द आला की सगळे माना डोलावतात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली, ती आपल्यासाठी स्वस्त कपडे शिवणारी माणसं होती. त्यांच्याबद्दल हळहळ नको, शर्टाच्या किमतीतून शिलाईला किती जातात ते विचारा. पाहुणा मासिकाचा संपादक असेल तर जाहिरातदाराबद्दल शेवटची कडक टीका कधी छापलीत, एवढं पुरे.

प्रश्न कागदावर लिहा, मोठ्याने वाचून बघा. एका श्वासात संपला नाही तर कापा. ‘मी तुमची मोठी चाहती आहे’ने सुरुवात नको, ‘माझे दोन प्रश्न आहेत’ तर नकोच. हात पहिल्याच फेरीत वर करा. या कार्यक्रमांचं चित्रीकरण बरेचदा इंटरनेटवर जातं, तेव्हा घरी आई-बाबा बघतील हे धरून बोला.

मुलाखतीऐवजी वादविवाद असेल तर ठरावावर मत देताना हात वर करायचा नसतो. बाहेर पडताना होकाराच्या दारातून गेलात की होकार, नकाराच्या दारातून गेलात की नकार. गप्पांच्या नादात मैत्रिणीच्या मागे भलत्याच दारातून निघालात तर मोजणारा तुमचं मनातलं मत विचारत बसत नाही.