पोटाला नेमकं काय बाधतं, हे कसं शोधावं

"चपाती सोडून बघ, पोट हलकं होईल," असं शेजारच्या काकूंनी सांगितलं आणि मी सोडली. तीन महिने ज्वारीची भाकरी आणि भात. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं, मग पोट पुन्हा डब्ब होऊ लागलं. शेवटी पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "गहू खाताय ना?" मी अभिमानाने "नाही" म्हटलं, तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. गव्हाशी संबंधित जो आजार त्यांना तपासायचा होता, त्याची रक्ततपासणी गहू पोटात जात असेल तरच भरवशाची. "सहा आठवडे रोज चपाती खा आणि मग या," म्हणाले.

आपल्याकडे क्रम असा उलटा चालतो. आधी पदार्थ सोडतो, मग कुणाला तरी विचारतो, आणि सोडलेला पदार्थ परत खाऊन बघायचं तर राहूनच जातं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

पहिली गोष्ट: थेट डॉक्टरांकडे जाण्यासारखं दुखणं आहे का?

पुढचं काहीही घरी करून बघण्याआधी ही यादी वाचा. शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, प्रयत्न न करता घटणारं वजन, बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सततच्या उलट्या, गिळायला त्रास, रक्तातलं लोह कमी, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार. यातलं एकही असेल तर पुढे सांगितलेली वही-बिही बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा. आपल्या देशात आतड्याचा क्षयही आढळतो. ताप, वजन घटणं आणि पोटदुखी असाच त्याचा चेहरा असतो. पन्नाशीच्या आसपास पोटाची तक्रार पहिल्यांदाच सुरू झाली असेल तर तिला "वयामुळे गॅस" म्हणून सोडू नये. बायकांच्या बाबतीत या वयात पोट सतत फुगत असेल तर अंडाशयाचीही तपासणी करून घ्यावी.

छातीत भरून येणं, घाम, डाव्या हातात कळ हे गॅसचं लक्षण समजून सोडा पीत बसू नका.

आणखी एक फरक. खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप लागणं ही अ‍ॅलर्जी आहे. कोळंबी किंवा शेंगदाण्याने असं झालं असेल तर "थोडंसं खाऊन बघू" हा प्रयोग घरी करायचाच नाही. न सोसणं आणि अ‍ॅलर्जी यांत गोंधळ झाला तर जिवावर बेतू शकतं.

मग पंधरा दिवसांची वही

या पंधरा दिवसांत काहीही सोडायचं नाही. नेहमीसारखं खायचं आणि फक्त लिहायचं: वेळ, काय खाल्लं, साधारण किती, पोटाला काय झालं आणि कधी, शौच कितीदा आणि कसं. झोप, औषधं आणि बायकांनी पाळीची तारीखही. पाळीच्या आधी पोट फुगणं अगदी नेहमीचं असतं, आणि तारीख लिहिली नाही तर दोष त्या दिवशीच्या वाटाण्याच्या उसळीला जातो.

शौचाचं वर्णन करायला लाज वाटते, त्यावर सोपा उपाय आहे. ब्रिस्टल तक्ता म्हणून सात प्रकारांची चित्रं असतात. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, ४ म्हणजे मऊ आणि सलग, ७ म्हणजे निव्वळ पाणी. वहीत नुसता आकडा टाका. डॉक्टरांना तो लगेच कळतो.

चहा मोजायला विसरू नका. "मी दूध पीतच नाही" म्हणणाऱ्या माणसाचे दिवसाला पाच कप होतात. कपाला ५० मिलिलिटर दूध धरलं तरी पाव लिटर झालं.

वही वाचताना दोन चकवे लक्षात ठेवा. एक, "खाल्लं की लगेच पळावं लागतं" याचा अर्थ आत्ता खाल्लेलं बाधलं असा होत नाही. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे; काहींच्यात ती जोरात होते. बाहेर पडतं ते बहुतेक वेळा काल-परवाचं असतं. दोन, कांदा, डाळ, गहू यांतली न पचणारी साखर मोठ्या आतड्यात पोहोचून तिथले जिवाणू तिचा वायू करतात, त्याला काही तास लागतात. म्हणजे दुपारी चारला पोट फुगलं तर चारच्या चहाला धरून उपयोग नाही, सकाळच्या नाश्त्याकडे बघा.

आणि मिसळ हा पुरावा धरू नका. मटकी, कांदा, लसूण, पाव, तिखट, तर्रीचं तेल असे सहा संशयित एका ताटलीत. मिसळीने त्रास होतो एवढंच कळतं, कुणामुळे ते कळत नाही.

डॉक्टरांकडे काय बोलायचं

"गॅस होतो" हे वाक्य घरी ठेवून जा. त्यात करपट ढेकरा, छातीतली जळजळ, मुरडा, पोट गच्च होणं, पोट साफ न होणं हे सगळं बसतं, आणि प्रत्येकाची वाट वेगळी. असं सांगा: "सहा महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा बेंबीखाली मुरडा येतो, शौचाला जाऊन आलं की कमी होतो." एवढ्या एका वाक्यावरून डॉक्टर अर्धं अंतर कापतात.

चालू गोळ्यांची यादी न्या. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने अनेकांना जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, वेदनाशामक गोळ्या जठराला लागतात. "शुगर फ्री" गोळ्या-चॉकलेटांत साखरेऐवजी घातलेलं सॉर्बिटॉल पोट बिघडवतं. कितीतरी लोक महिनोन्‌महिने सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी घेतात आणि ते औषध आहे हे सांगायचंच विसरतात.

साधारणपणे हिमोग्राम, थायरॉइड, शौचाची तपासणी आणि सिलिअ‍ॅकची (गव्हाशी संबंधित त्या आजाराची) रक्ततपासणी यांतून बरंच निवळतं. शौचाच्या तपासणीत जिआर्डियासारखा जंतू सापडला तर औषधांच्या एका छोट्या कोर्समध्ये विषय संपतो आणि बिचाऱ्या दुधाची सुटका होते. आतड्याला सूज आहे का हे बघायला शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन मोजतात. खासगी तज्ज्ञ परवडत नसेल तर मुंबईत के.ई.एम., सायन, नायर या पालिका रुग्णालयांत पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत. गर्दीची तयारी ठेवून जा.

एका तपासणीपासून मात्र लांब राहा. रक्ताच्या एका नमुन्यावरून शे-दोनशे पदार्थांची "तुम्हाला चालत नाही" अशी रंगीत यादी देणारी आयजीजी या प्रतिपिंडांची तपासणी. हजारो रुपये घेतात. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तर मराठी माणसाच्या यादीत तूरडाळ आणि तांदूळ येतात! युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी या कामासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

गहू: तपासणी आधी, सोडणं नंतर

सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. त्यासाठी टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए. ती पॉझिटिव्ह आली तर बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. या सगळ्याच्या आधी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत गहू असायला हवा. सख्ख्या नात्यात कुणाला हा आजार असेल किंवा लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर पोट दुखत नसलं तरी ही तपासणी करून घ्यावी.

एवढा आटापिटा का, चपाती सोडून बरं वाटतंय तर सोडावी, असं वाटेल. पण उत्तरावर पुढचं आयुष्य ठरतं. सिलिअ‍ॅक असेल तर गहू आणि जव जन्मभर बंद, कणभरही नाही. मग रवा, मैदा, शेवया, लापशी तर गेलीच, पण बाजारच्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. ज्या गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळतात तिथलं ज्वारीचं पीठही चालत नाही; धान्य घरी दळावं लागतं. पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर आपल्या नियमांनुसार ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवं. उलट सिलिअ‍ॅक नसेल तर त्रास गव्हातल्या फ्रुक्टान या साखरेचा असू शकतो. त्यात दोन चपात्या सोसतात, पाच सोसत नाहीत, आणि हिंगाची चिंता करायचं कारण नाही.

माझी तपासणी निगेटिव्ह आली. तीन महिन्यांच्या भाकऱ्या फुकट गेल्या असं नाही, मला भाकरी थापता यायला लागली.

दूध: घरी करता येतो असा प्रयोग

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर जगातल्या बहुसंख्य माणसांत लहानपणानंतर कमी होत जातं. म्हणजे दूध न पचणं हा रोग नाही, प्रमाणाचा प्रश्न आहे. १०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पेलाभर दूध, फारसा त्रास न होता चालतं. पाच कप चहा दिवसभरात विखुरलेला असेल तर तो सोसतो आणि बासुंदीची वाटी सोसत नाही, ते यामुळे.

दोन आठवडे दूध, खवा, पेढे, बासुंदी, आइस्क्रीम, दूध पावडर बंद करा. तूप चालेल, त्यात लॅक्टोज नावापुरतं असतं. नंतर सकाळी उपाशीपोटी एक पेला, साधारण २५० मिलिलिटर, साधं दूध प्या आणि दुपारपर्यंत दुसरं काही वेगळं खाऊ नका. पोट गुरगुरलं, मुरडा आला, पातळ झालं तर लिहा. तीन-चार दिवसांनी पुन्हा करा, एकदाच्या निकालावर विसंबू नका.

मनाचाही भाग असतो. त्रास होणार असं धरून बसलं की तो होतोच. म्हणून घरच्या कुणाला तरी सामील करून घ्या: एका दिवशी साधं दूध, एका दिवशी बाजारात मिळणारं लॅक्टोज-फ्री दूध, कुठलं ते तुम्हाला न सांगता. लॅक्टोज-फ्री दूध किंचित गोड लागतं, तेव्हा चहा करून द्यायला सांगा, साखर दोन्हींत वेगवेगळी.

त्रास ठरला तरी सगळं टाकायचं नसतं. दही, चक्का गाळून केलेलं श्रीखंड, पनीर बहुतेकांना चालतं. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लहान मुलांचं दूध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

कांदा, लसूण, डाळी

चातुर्मासात ज्यांच्याकडे कांदा-लसूण बंद असतो त्यांना हा प्रयोग आयता मिळतो. आषाढात कांदेनवमीला पोटभर कांदाभजी, मग चार महिने शून्य, मग पुन्हा सुरुवात. कुणीही तारखा लिहून ठेवत नाही एवढंच. उपवासाचे दिवस वेगळे धरा. त्या दिवशी गहूही नसतो आणि साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप भरपूर असतं.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी आतड्यात आंबणाऱ्या या साखरांना एकत्र धरून फॉडमॅप असं नाव दिलं. कांदा, लसूण, गहू, डाळी-कडधान्यं, दूध, मध, आंबा हे सगळे त्यात येतात. आमरसाच्या तिसऱ्या वाटीनंतर जे होतं ते उष्णतेमुळे, अशी आपली समजूत. त्यात फळातल्या फ्रुक्टोजचाही वाटा असतो. फॉडमॅप कमी करण्याच्या आहारात दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करतात, तेही शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. जन्मभर पाळायची ही पद्धत नव्हे.

स्वयंपाकघरात कामाला येणारी एक गोष्ट: गव्हातलं फ्रुक्टान कांदा-लसणातही असतं, आणि ते पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून आमटीतला कांदा वेचून बाजूला काढून उपयोग नाही, तो रसात उतरलेला असतो. पण तेलात लसणाच्या पाकळ्या तांबूस करून काढून टाकल्या आणि त्याच तेलाची फोडणी दिली तर वास मिळतो आणि पोटही शांत राहतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग सहसा चालतो. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या.

परत खाणं

सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस. कांद्याचं उदाहरण घ्या: पहिल्या दिवशी एक चमचा परतलेला, दुसऱ्या दिवशी पाव कांदा, तिसऱ्या दिवशी अर्धा. बाकी ताट तेच. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा पदार्थ. लग्नसराईत किंवा परीक्षेच्या आठवड्यात सुरू करू नका.

माझ्याकडे दूध निर्दोष निघालं. सापडला तो कांदा, आणि तोही जेवणात अर्ध्याच्या वर गेला तर. ही मर्यादा फ्रिजवर चिकटवली आहे, "कांदा अर्धा", म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला दर वेळी विचारावं लागत नाही आणि पाहुण्यांकडे "मला काहीच चालत नाही" असं तोंड करून बसावं लागत नाही.

काहीच सापडलं नाही, सगळ्या तपासण्या ठीक आल्या आणि मुरडा मात्र चालूच, असंही होतं. मग डॉक्टर आयबीएसचं, म्हणजे चिडक्या आतड्याच्या आजाराचं, निदान करू शकतात. "काही नाही, टेन्शन आहे" असा त्याचा अर्थ लावू नका; आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडण्याचा तो आजार आहे आणि त्यावर औषधं, इसबगोल, झोप, चालणं असे उपचार आहेत.

यादी दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. मोठ्या जुलाबांनंतर दूध न सोसणं अनेकदा तात्पुरतं असतं, अस्तर भरून आलं की पेलाभर पुन्हा पचायला लागतं.