फरगाना खोऱ्यातल्या वेड्यावाकड्या सीमा कशा समजून घ्यायच्या

उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान जिथं एकमेकांत घुसलेत ते फरगाना खोरं. नकाशावर ते दिसलं की बरेच जण "स्टॅलिनने पेन्सिलने रेघा मारल्या" म्हणून मोकळे होतात. पण नीट समजून घ्यायचं असेल तर जरा क्रमाने जा.

आधी १९२४ पूर्वीचा नकाशा शोधा. त्यात यातलं एकही नाव नाही. झारच्या सैन्याने जिंकलेलं रशियन तुर्केस्तान दिसेल (ताश्कंद १८६५ ला पडलं, कोकंदचं राज्य १८७६ ला खालसा झालं), आणि बाजूला बुखारा न् खिवा ही दोन संस्थानं.

मग सोव्हिएत सरकारने केलेली ऑक्टोबर १९२४ ची वाटणी बघा, उझबेक आणि तुर्कमेन प्रजासत्ताकं तेव्हा झाली, ताजिक (हे बाकीच्यांसारखे तुर्की, म्हणजे तुर्किक भाषा बोलणाऱ्या, वंशाचे नाहीत, त्यांची भाषा फारसीच्या घरातली) आधी उझबेकांच्या पोटात होते ते १९२९ ला वेगळे निघाले, किर्गिझांना पूर्ण प्रजासत्ताकाचा दर्जा मिळायला १९३६ उजाडलं. आणि या सगळ्या एकाच सोव्हिएत राज्यातल्या अंतर्गत रेघा होत्या, तिथं कधी पासपोर्ट तपासला जाईल असं कुणाच्या मनात नव्हतं.

आता खरं महत्त्वाचं. ताश्कंद आणि ओश शेजारी शेजारी ठेवून बघा. ताश्कंदच्या आसपासची बरीच गावं कझाखांची म्हणून त्यांनी शहरावर हक्क सांगितला, तरी शहर उझबेकांना गेलं. ओशमध्ये वस्ती जास्त उझबेकांची, पण भोवतालच्या किर्गिझांना दुसरं शहरच नव्हतं म्हणून ते किर्गिझांना मिळालं. म्हणजे नियम एकच नव्हता, भाषा, बाजारपेठ, पाणी आणि कोण किती जोरात भांडतंय यावर ठरत गेलं, आणि भांडणारे स्थानिक कम्युनिस्टच होते. फैझुल्ला खोजायेव उझबेकांसाठी झटत होते, तुरार रिस्कुलोव यांना तर १९२० मध्ये सगळ्या तुर्की लोकांचं एकच प्रजासत्ताक हवं होतं, ते मॉस्कोने उडवून लावलं. शेवटचा शब्द मॉस्कोचाच, हे मात्र विसरू नका, १९३८ ला दोघांनाही गोळ्या घातल्या.

शेवटी सोख शोधा: जमीन उझबेकिस्तानची, चारी बाजूंनी किर्गिझस्तान, राहणारे बहुतेक ताजिक. अशा ठिकाणी सीमेसोबत नद्या आणि कालवेही बघा, एप्रिल २०२१ ची किर्गिझ-ताजिक चकमक इस्फारा नदीवरच्या पाणी वळवण्याच्या ठिकाणावरूनच पेटली. या दोघांचा सीमाकरार मार्च २०२५ मध्ये झाला, तेव्हा नकाशा त्यानंतरचाच घ्या.