अरेंजमेंटचे पैसे देताना सहीचा एक कागद करून घ्या

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आमच्या मंडळाने एका चालीची ब्रास बँडसाठी अरेंजमेंट (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं याची मांडणी) पैसे देऊन करून घेतली होती. पुढे तीच अरेंजमेंट हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमासाठी दुसऱ्याकडून मोठ्या वाद्यवृंदावर बसवली आणि पहिल्या अरेंजरने हरकत घेतली. त्याचं बरोबर होतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याला मिळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीताला मात्र ही तरतूद नाही. अरेंजर तुमचा पगारी नोकर नसेल, तर हक्क त्याचाच राहतो.

म्हणून ॲडव्हान्स देतानाच:

१. कोणती रचना, कोणते हक्क, किती वर्षं, कुठे आणि मोबदला किती, हे लिहून अरेंजरची सही घ्या. मुदत लिहायची राहिली तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश राहिला तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही जातो, म्हणून त्याबद्दलही एक वाक्य घाला.

२. 'पुढे इतर वाद्यांसाठी किंवा वाद्यवृंदासाठी ही रचना नव्याने बांधून घेण्याचा हक्क' असं स्पष्ट लिहा. आमच्याकडे नेमकी हीच ओळ नव्हती.

३. वाद्यवृंदाचं काम करणाऱ्याकडूनही असाच कागद घ्या.

सांभाळायचं एक: मूळ चाल कुणाची ते आधी पाहा. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, आणि तोवर अरेंजमेंट करायलाही हक्कधारकाची परवानगी लागते.