वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन थरथरतंय? रबर पॅड मागवायच्या आधी या चुका टाळा

फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत फ्रंट लोड बसवलं, आणि स्पिनला लागलं की किचनच्या रॅकमधल्या वाट्या वाजायला लागतात, खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात "तुमच्याकडे फोडाफोडीचं काम चालू आहे का हो?" अशा वेळी सगळे पहिलं काय करतात तर ऑनलाइन रबरचे पॅड मागवतात. पॅड वाईट नाहीत, पण त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागायला हवा.

आधी फक्त एवढं आठवा की हे कधीपासून सुरू झालं. नवीन मशीन पहिल्या धुण्यापासूनच उड्या मारत असेल तर संशय मागच्या बोल्टांवर. घर बदललं, टाइल्सचं काम झालं, साफसफाईला मशीन ओढून परत ढकललं आणि मग सुरू झालं तर लेव्हल गेली. कधी होतं कधी होत नाही, असं असेल तर कपडे टाकण्यात गडबड. आणि चार-पाच वर्षं गुपचूप चाललेलं मशीन हळूहळू आवाज वाढवत गेलं असेल तर आतलं काहीतरी झिजलंय, त्याला पॅड लावून काही होणार नाही.

मागचे बोल्ट तसेच राहणं

फ्रंट लोडमधला टब वरून स्प्रिंगवर टांगलेला असतो, खालून त्याला शॉकअब्सॉर्बर असतात, आणि टब जड राहावा म्हणून त्याला बहुतेक वेळा काँक्रीटचे ठोकळे जोडलेले असतात. टेम्पोतून येताना हे सगळं आत हिंदकळू नये म्हणून कंपनी मागच्या बाजूने लांब बोल्ट मारून टब बॉडीला आवळून टाकते, बहुतेक मशीनला तीन किंवा चार असतात. हे निघाले नाहीत तर स्प्रिंग असून नसल्यासारखे, सगळा हादरा सरळ पत्र्यात आणि पत्र्यातून लादीत. इन्स्टॉलेशनवाला घाईत असेल तर एखादा राहूनही जातो, म्हणून मशीन थोडं पुढे ओढून स्वतः मागे बघा. बोल्टबरोबर त्याची प्लास्टिकची नळीसुद्धा बाहेर यायला हवी, आणि भोकांवर सोबत आलेल्या टोप्या बसवायच्या. काढलेले बोल्ट फेकू नका, पुढच्या शिफ्टिंगला लागतात. टॉप लोडला असे बोल्ट सहसा नसतात, पण टबाखाली थर्माकोलचं किंवा पुठ्ठ्याचं पॅकिंग असतं, ते निघालंय का बघा.

उतारावर मशीन आणि सैल चेकनट

आपल्याकडे ड्राय बाल्कनीला नहाणी ट्रॅपकडे उतार दिलेला असतो, आणि तो द्यायलाच हवा, नाहीतर पाणी साचेल. पण म्हणजे मशीन ठेवायची जागा मुळातच तिरकी. तिथे चारही पाय सारखे फिरवून ठेवले की मशीन एका बाजूला झुकलेलं राहतं किंवा एक पाय अधांतरी. साध्या डोळ्याला हे दिसत नाही. वरच्या पत्र्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, दोन्ही हातांनी आळीपाळीने दाबून बघा, मग दुसरी जोडी. जराही टकटक झालं तर जो पाय हवेत आहे तो खाली उतरवायचा. मग स्पिरिट लेव्हल आडवी-उभी ठेवून बघा, हार्डवेअरच्या दुकानात छोटी मिळते, नाहीतर मोबाइलमधली पण चालते.

आता यातली खरी गोम. पायाच्या आट्यांवर एक चपटा नट असतो, त्याला चेकनट किंवा लॉकनट म्हणतात. लेव्हल झाल्यावर हा नट वर फिरवत नेऊन मशीनच्या तळाच्या पत्र्याला घट्ट आवळायचा असतो. बऱ्याच घरी तो खाली पायापाशी मोकळाच पडलेला असतो, मग प्रत्येक स्पिनला पाय स्वतःच थोडा थोडा फिरतो आणि महिन्याभरात लेव्हल परत गायब. म्हणजे टेक्निशियन येऊन गेला की बरं असतं आणि मग परत सुरू होतं, असं जे लोक सांगतात ते बऱ्याचदा हेच. आणि पाय गरजेपुरतेच बाहेर काढा, जेवढा पाय लांब तेवढं मशीन जास्त डोलतं.

पोकळ लादी हा वेगळा प्रकार. नाण्याने लादीवर ठोकून बघा, पायाखाली पोकळ आवाज आला तर तो पाय दुसऱ्या लादीवर येईल असं मशीन सरकवा.

चाकांचा स्टँड

पाणी लागू नये, खालून उंदीर शिरू नये म्हणून स्टँड घेतात, कारण खरंच पटण्यासारखं आहे, उंदराने वायर कुरतडली की भुर्दंड मोठा असतो. पण चाकांचा प्लास्टिक स्टँड फ्रंट लोडखाली नको, ब्रेकवाली चाकं असली तरी नको. घ्यायचाच तर लोखंडी, बिनचाकांचा, पायांना स्क्रू असलेला घ्या आणि मशीनचे पाय बरोबर स्टँडच्या कोपऱ्यांवर येऊ द्या. उंदरासाठी तळाला जाळीचं कव्हर मिळतं.

एकच जड कपडा

जास्त कपडे कोंबू नका हे सगळे सांगतात, पण फार कमी कपडे हे हादऱ्यासाठी तितकंच वाईट. एकटी सोलापुरी चादर, एकटं बाथरूमचं पायपुसणं, एक जीन्स आणि दोन रुमाल, असं टाकलं की ओलं वजन एका बाजूला गोळा होतं. हिशोब बघा, ड्रमच्या मध्यापासून २४ सेंटीमीटरवर फक्त अर्धा किलो जास्तीचं वजन असेल तर १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, ते साधारण १९० किलो वजनाएवढ्या जोराने ड्रमला बाहेर खेचतं, आणि तेच ८०० आरपीएमवर साधारण ८५ किलो. म्हणून चादरीबरोबर दोन-तीन टॉवेल टाका आणि जड कपड्यांचा स्पिन ८००वर आणा, वाळायला थोडा वेळ जास्त लागेल, बस. उशीच्या अभ्र्यांची, रजईच्या कव्हरची बटणं-चेन लावून टाका, नाहीतर सगळे मोजे त्यात शिरून एक गोळा होतो.

शेवटची मिनिटं सरकतच नाहीत, मशीन परत पाणी घेतं, डिस्प्लेवर यूई किंवा यूबी असं काहीतरी येतं, ते बिघाड नसून बहुतेक वेळा मशीन कपडे परत पसरवायचा प्रयत्न करत असतं. थांबवा, हाताने मोकळे करा. रेनकोट आणि वॉटरप्रूफ शीट मात्र स्पिनला टाकूच नका, त्यात पाणी अडकतं आणि भर वेगात एकदम सुटतं, पावसाळ्यात हे हमखास होतं.

जागा, आणि मग पॅड

स्लॅब तुळईजवळ, भिंतीच्या कोपऱ्यात कमी हलतो. इमारतीच्या बाहेर आलेल्या बाल्कनीत मशीन कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीकडे ठेवा, पण भिंतीला टेकवू नका, दोन-तीन इंच सोडा, आणि पाइप भिंतीवर आपटतोय का तेही बघा. बऱ्याचदा जो खडखडाट ऐकू येतो तो पाइपचा, खिडकीच्या ग्रिलचा किंवा वर ठेवलेल्या लिक्विडच्या बाटल्यांचा असतो. मशीनवर दगड किंवा पाटा ठेवून काही होत नाही, हलतो तो आतला टब.

एवढं झालं की पॅड, कडक रबराचे, चारही पायांना एकसारखे, आणि लावल्यावर लेव्हल परत बघायची. मऊ फोम किंवा घडी घातलेलं पायपुसणं घातलंत तर मशीन जास्तच झुलेल. अमेरिका-कॅनडात लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं जरा वेगळं आहे, तिथे जमीनच लवते, म्हणून पाऊण इंची प्लायवुड खालच्या लाकडी तुळयांना स्क्रूने आवळून त्यावर मशीन ठेवतात.

तरीही हलतंच असेल तर रिकामं मशीन फक्त स्पिनला लावा. रिकामं असतानाही थडथडतंय, तर बंद करून प्लग काढा, ड्रम हाताने खाली दाबून सोडा. एखादी उसळी घेऊन थांबला तर ठीक, झुलतच राहिला तर शॉकअब्सॉर्बर गेले. ड्रम फिरवताना घरघर येते किंवा कडेला धरून उचलल्यावर खुळखुळतो तर बेअरिंग, म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो तो भाग, गेलं, आणि मग मशीन वापरणं थांबवा, कारण पुढे टबही खराब होतो. शॉकअब्सॉर्बर बदलायला माणूस आला आणि "एकच गेलाय, एकच टाकू" म्हणाला तरी सगळे एकदम बदलून घ्या, जुना आणि नवा मिळून टब तिरका झुलतो.