मुगो पाइन आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं रान राखायचं असेल तर आधी कुजमाती सांभाळा

आल्प्समध्ये स्प्रूस आणि लार्चची उभी झाडं मागे पडली की वरच्या उतारांवर मुगो पाइनचं दाट, बुटकं रान लागतं. कुठे कमरेएवढं, कुठे डोक्याच्या वर. खोडं उताराच्या दिशेने आडवी पसरतात आणि फक्त टोकं वर वळतात. बर्फाचा भार आला की खोड वाकतं, मोडत नाही, म्हणूनच हिमलोटांच्या वाटेतही ते तग धरतं. त्याच्या कडेला आणि मोकळ्या फटींत ऱ्होडोडेंड्रॉन, एरिका, लिंगनबेरी ही छोटी झुडपं असतात. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात हा अधिवास ४०७० या क्रमांकाने, प्राधान्याचा म्हणून नोंदलेला आहे.

पण खरी ठेव झुडपांच्या खाली असते. थंडीमुळे पाइनच्या सुया फार सावकाश कुजतात. खालचा चुनखडीचा खडक झिजतो तेव्हा त्याचा बहुतेक भाग पाण्यात विरघळून जातो आणि माती फारशी उरत नाही. त्यामुळे काळ्या-तपकिरी कुजमातीचा थर थेट खडकावरच साचतो, कधी वीतभर, कधी हातभर. सच्छिद्र चुनखडीत पाणी थांबत नाही, ते हा थर धरून ठेवतो. झुडूप तोडलं की ऊन थेट पोचतं, थर तापतो, झपाट्याने कुजतो आणि पावसासोबत वाहून जातो. उरतो तो उघडा खडक आणि घसारा. अनेक पिढ्यांत साचलेलं काही वर्षांत जातं. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

आधी ओळख पक्की करा. मुगोच्या सुया दोन-दोनच्या जोडीत असतात, लांबी साधारण ३ ते ८ सेंटिमीटर. खोड सरळ आणि एकटं उभं असेल तर तो अनसिनाटा पाइन असू शकतो. दोघांचे संकर होतात, म्हणून एका झाडावरून निकाल देऊ नका. ऱ्होडोडेंड्रॉनचं पान उलटून पाहा. कडेला केस आणि खालची बाजू हिरवी असेल तर हिरसुटम, म्हणजे चुनखडीचा. खालची बाजू गंजासारखी तांबूस असेल तर फेरुजिनियम, म्हणजे आम्ल मातीचा. इथे नवखे हमखास चकतात: चुनखडीवरच्या जाड कुजमातीचा वरचा थर आम्ल असतो, त्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी आणि त्यांचे संकरही सापडतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब मातीवर नाही, खालच्या खडकाच्या ताज्या तुकड्यावर टाका. फेस आला तर चुनखडी. हिरसुटम पोलंड-स्लोव्हाकियाच्या ताट्रा डोंगरांत आपोआप उगवत नाही आणि रोमानियाच्या कार्पेथियनमध्ये मिर्टिफोलियम ही वेगळी जात असते, त्यामुळे आल्प्सची यादी तिकडे लावू नका.

मग मोजा. योग्य काळ जुलै-ऑगस्ट. ऱ्होडोडेंड्रॉन फुलावर असतो आणि काळ्या ग्राउस पक्ष्याचा वसंतातला मीलनकाळ उलटून गेलेला असतो. १० × १० मीटरचे कायमचे चौकोन आखा, कोपऱ्यांवर धातूच्या खुणा ठोका आणि ठरलेल्या जागेवरून दर वेळी तसाच फोटो घ्या. पाइन, ऱ्होडोडेंड्रॉन, गवत आणि उघडा खडक यांचं आच्छादन टक्क्यांत लिहा. प्रत्येक चौकोनात किमान ९ ठिकाणी बारीक लोखंडी सळी घालून कुजमातीची जाडी मोजा. हे मोजमाप बहुतेक सर्वेक्षणांत नसतं, आणि ते नसेल तर रान वरून हिरवं दिसत असताना खालून झिजतंय हे कळतच नाही.

बिघाडाचं कारण शोधा. पायवाट रुंदावत असेल तर कुजमाती कडेपासून ढासळते. तिथे वाट दगडी पायऱ्यांनी पक्की करा आणि आजूबाजूच्या चोरवाटा फांद्या टाकून बंद करा. चराई असेल तर पाण्याचं टाकं आणि मिठाचे खडे रानापासून दूर हलवा, गुरं आपोआप दूर राहतात. ऱ्होडोडेंड्रॉन गुरांना विषारी असतो, म्हणून नुकसान खाण्यापेक्षा तुडवण्याने जास्त होतं.

बर्फ वितळल्यावर खालच्या फांद्यांवर काळपट नमद्यासारखी बुरशी दिसली तर ती बर्फाखाली वाढणारी हर्पोट्रिकिया. ती इथलीच आहे, औषध फवारू नका. सुयांवर तांबडे किंवा तपकिरी पट्टे पडून टोकाकडून वाळत असतील तर मात्र डोथिस्ट्रोमा किंवा लेकॅनोस्टिक्टा या रोगकारक बुरशींचा संशय घ्या. नमुना बंद पिशवीत घालून वनस्पती-आरोग्य यंत्रणेकडे द्या आणि त्या जागेहून दुसरीकडे जाण्याआधी बूट व कात्र्या स्पिरिटने पुसा.

तोडावंच लागलं तर ठिगळांत तोडा, उताराला आडवे अरुंद पट्टे ठेवून. मुळं उपटू नका. बुंधा राहिला तर मुळं कुजमातीला बांधून ठेवतात. तोडलेल्या फांद्या जागेवरच उताराला आडव्या पसरा. जाळू तर अजिबात नका: राळ भरलेलं लाकूड भडकतं आणि कोरडी कुजमाती आतल्या आत धुमसत राहते. ३० अंशांहून तीव्र उतारावर तोड नकोच. निर्देशाखालच्या संरक्षित क्षेत्रात स्की-उतार किंवा रस्त्यासाठी तोड मागितली जात असेल तर निर्देशाच्या कलम ६ नुसार आधी परिणामांचं मूल्यमापन करावं लागतं. प्राधान्याच्या अधिवासाचं नुकसान फक्त पर्याय नसताना आणि अत्यंत मर्यादित कारणांसाठीच मान्य होतं.

पुन्हा उभं करताना रोपं सगळ्यात शेवटी येतात. आधी ज्यूटची किंवा काथ्याची जाळी अंथरा, ओंडके समपातळीत खुंट्यांनी रोवा आणि माती वाहणं थांबलं का ते एक हिवाळा पाहा. त्या काळात बियांसाठी पाइनचे शंकू गोळा करा: त्याच डोंगररांगेतले, लागवडीच्या जागेपासून २०० मीटर उंचीच्या आत-बाहेरचे, किमान ३० वेगवेगळ्या झुडपांवरचे. एकाच झुडपाच्या फांद्या जमिनीला टेकून मुळं धरतात, आपोआप दाबकलम होतं, म्हणून झुडपांमध्ये २० मीटरचं अंतर ठेवा. नाहीतर ३० झाडं म्हणून एकाच झाडाचं बी आणाल. बागांसाठी विकली जाणारी मुगोची रोपं इथे आणू नका. त्यांचं मूळ माहीत नसतं आणि रोगही त्यांच्यासोबत येतात.

रोपं लांब कुंड्यांत २-३ वर्षं वाढवा. कुंडीत त्याच रानातली चमचाभर कुजमाती मिसळा, मुळांची सहजीवी बुरशी त्यातूनच येते. खत देऊ नका, त्याचा फायदा गवताला होतो. लागवड बर्फ वितळताच किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला करा. रांगा नकोत. दगडाच्या किंवा जुन्या बुंध्याच्या आडोशाला ५ ते १० रोपांचे पुंजके लावा, अंतर ५० ते ८० सेंटिमीटर. वाऱ्याने बर्फ उडून जाणाऱ्या फुगीर धारेवर रोपं गोठून वर उचलली जातात आणि मुळं उघडी पडतात.

ऱ्होडोडेंड्रॉनची घाई करू नका. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो, म्हणून ओल्या शेवाळावर नुसतं भुरभुरावं, झाकू नये. रोप मात्र तिथेच लावा जिथे पाइनखाली किमान १० सेंटिमीटर कुजमाती आधीच आहे.

जास्त पाइन म्हणजे जास्त संवर्धन, असं धरून चालू नका. चेकियाच्या ह्रुबी येसेनिक डोंगरांत तो मूळचा नाही. तिथे तो मुद्दाम लावला गेला आणि आता उंचावरची दुर्मिळ गवताळ वस्ती दाबतोय, म्हणून काढावा लागतो. चराई थांबलेल्या जुन्या कुरणांतही तो पसरतो, आणि कधीकधी ते कुरणच जपण्याजोगं असतं. लागवडीआधी त्या जागेचे जुने हवाई फोटो शोधून पाहा.

तपासणी १, ३, ५ आणि १० व्या वर्षी करा. पहिल्या दोन तपासण्यांत जिवंत रोपं मोजा, पुढच्या दोन्हींत सळी घेऊन जा आणि कुजमातीची जाडी पहिल्या आकड्यांशी ताडून पाहा.