केदारनाथला निघण्याआधी चटणीचं पाकीट, कुकर आणि कान

माझा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे. केदारनाथचे दरवाजे उघडायचे दिवस आले की सोलापुरातले यात्रेकरू चटणी न्यायला येतात, तेव्हा मी आधी विचारते, "किती उंचावर जाणार?" कारण त्यावर माझं पॅकिंग ठरतं.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५७ मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. केदारनाथ ३,५०० मीटरच्याही वर, तिथे तो ६५० च्या घरात येतो. जितकं वर जावं तितकी आपल्या डोक्यावरची हवा कमी, म्हणून तिचा भारही कमी. (मोबाइलवर सोलापूरचा दाब १०१० वगैरे दिसला तर गोंधळू नका, तो आकडा समुद्रसपाटीला धरून काढलेला असतो.)

आता पाकिटाचं बघा. इथे सील करताना आत राहिलेल्या हवेला वर गेल्यावर जवळजवळ दीडपट जागा लागते. पाकीट टम्म फुगतं, आणि शिवण कच्ची असेल तर तिथूनच उसवतं. शेंगा चटणीला तेल सुटलेलं असतं, ते एकदा कपड्यांत उतरलं की निघत नाही. म्हणून सील करण्याआधी पाकीट तळहाताने खालून वर दाबत आणायचं, हवा पूर्ण काढायची आणि मगच तोंड चिकटवायचं. वरून दुसरी पिशवी हवीच. टाचणीने भोक पाडू नका, दमट हवेने चटणी सादळते. तेलाची, शाम्पूची बाटली असेल तर हलकेच दाबून हवा काढा, मग झाकण लावा. वर पोचल्यावर ती उभी धरून सावकाश उघडा.

स्वयंपाक स्वतः करणार असाल तर कुकर नेलाच पाहिजे, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. सोलापुरात पाणी साधारण ९८ अंशांवर उकळतं, केदारनाथला ८८ च्या आसपास. पातेल्यात खळखळ उकळी दिसते, पण तुरीची डाळ काही केल्या मऊ होत नाही. गॅस मोठा केला तरी पाणी त्याहून तापत नाही, नुसतं आटतं. कुकरमध्ये मात्र कोंडलेल्या वाफेने ते ११५ अंशांपर्यंत जातं. घरी जातं त्याहून थोडं कमीच, म्हणून डाळ आधी तासभर भिजवा आणि शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर नेहमीपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त ठेवा. निघण्याआधी कुकरचा रबर तपासा. चहा झाकून थोडा जास्त वेळ मुरू द्या. कडक भाकरीला यातलं काहीच लागत नाही.

कानांना दडे बसतात ते दाब भराभर बदलला की. त्यासाठी हिमालयच कशाला, सिद्धेश्वर एक्स्प्रेस पहाटे खंडाळ्याचा घाट उतरते तेव्हाही अनुभव येतो. आवंढा गिळा, जांभई द्या, गोळी चघळा. तान्ह्या बाळाला उतरताना पाजायला घ्या. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्रास जास्त होतो.

सगळ्यात जपायचं ते श्वासाला. वरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब उतरल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. गौरीकुंड २,००० मीटरच्या आसपास आहे. तिथून एका दिवसात चढून जायची घाई सगळ्यांनाच असते. शक्य असेल तर आदल्या रात्री गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला मुक्काम करा, सावकाश चाला, पाणी पीत राहा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना भेटा. डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटलं तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर दर्शन राहिलं तरी चालेल, त्याला लगेच खाली आणा. रात्र झाली म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, जवळच्या वैद्यकीय केंद्रात मदत मागा. आणि त्याला एकट्याला कधीच पाठवू नका.